झूराकान एजेचे दोन कार्बोरेटर

शाळेच्या मैदानात इस्मानाली आजोबांनी कागद वाचायला घेतला, तेव्हा झूराकान घोडीच्या दुधाच्या किमिझचा तिसरा वाडगा पीत होती. तेरेक-सू गावाला पंचाहत्तर वर्षं पुरी होत होती. घोड्यांची शर्यत, कुस्त्या, बकऱ्याचं धड पळवायचा घोडेस्वारांचा खेळ कोक-बोरू, सगळं नेहमीचं वाचून झालं. मग आजोबांनी चष्मा सरसावला.

"आणि यंदा एक नवीन. सोव्हिएत काळातल्या जुन्या, साइडकारवाल्या मोटारसायकलींची शर्यत. पुलापासून कोक-बेल खिंडीपर्यंत. अठरा किलोमीटर, सगळी चढण. साइडकारमध्ये माणूस बसलेलाच पाहिजे, पिठाचं पोतं चालणार नाही. बक्षीस एक मेंढा आणि एक खोगीर."

मैदानात एकच गलका झाला. ट्रक दुरुस्त करणारा तुर्दुबेक सगळ्यांत आधी उठला आणि नाव देऊन आला. परत जाताना त्याची नजर झूराकानकडे गेली, जिला सगळं गाव एजे, म्हणजे थोरली ताई, म्हणायचं.

"एजे, तुम्ही पण या की!" तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला. "फक्त आधी साइडकारमधून कोंबड्या उतरवा!"

लोक खो खो हसले. हसण्यासारखं होतंच. नऊ वर्षांपूर्वी वरच्या कुरणांवरचं टपाल बंद झालं, तेव्हा भंगारात काढलेली ती मोटारसायकल झूराकानला निरोपाची भेट म्हणून मिळाली होती. त्याआधी बावीस वर्षं तिने तिच्यावरून टपाल वाटलं होतं. भेट घरी ढकलत आणून तिने मेंढ्यांच्या गोठ्यात उभी केली, वर लोकरीचा फाटका नमदा टाकला आणि पुन्हा तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तेव्हापासून साइडकारमध्ये कोंबड्या अंडी घालत होत्या, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

झूराकानने वाडगा खाली ठेवला, सरळ बाहीने तोंड पुसलं आणि उठली. वय छप्पन्न, अंगाने काटकुळी, चालताना उजवा पाय किंचित बाहेर टाकायची. बावीस वर्षं किक मारून तो पाय तसाच झाला होता.

"लिहा," ती इस्मानालींना म्हणाली. "झूराकान. टपाल खातं."

"अगं, टपाल खातं आता कुठाय?"

"मी आहे ना? लिहा."

"आणि साइडकारमध्ये कोण?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. ओसमोनकुल जन्मभर घोड्यांत वावरलेला माणूस. त्याने दोन्ही हात वर केले. "जे गवत खात नाही, त्याच्यावर मी बसत नाही."

पुन्हा हशा. आणि त्या हशातून एक ठसठशीत आवाज आला, "मी बसते."

बुरुलचा! झूराकानची विहीण. लेकीच्या सासूबाई. शेजारच्या खोऱ्यातून सणासाठी आल्या होत्या. देह असा भरभक्कम, की त्या बसल्यावर दोघींची सतरंजी एकटीला पुरेनाशी व्हायची. तीन वर्षांपूर्वी लग्नाच्या जेवणात आपल्या पुढ्यात मानाचं हाड वाढलं नाही, म्हणून त्या अजून झूराकानशी मोजूनमापून बोलत.

"विहीणबाई, तुम्ही?" झूराकान म्हणाली.

"का? वळणावर साइडकार उचलली जाते म्हणतात. मी बसले की उचलली जाणार आहे का? बघा की."

इस्मानालींनी दोन्ही नावं लिहून घेतली.

शर्यतीला आठ दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी झूराकानने नमदा ओढून काढला. धुळीचा लोट उठला, एक कोंबडी कोकलत बाहेर पळाली. बुरुलचा दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"ही चालणार?"

"बघू."

झूराकानने किक मारली. काहीच नाही. दहा वेळा मारली. अकराव्या वेळी डाव्या बाजूने एक ठसका आला आणि डाव्या कार्बोरेटरखालून पेट्रोल टपटप गळायला लागलं. झूराकानने पेट्रोलचा कॉक बंद केला. बुरुलचांना वाटलं, हिचं तोंड उतरेल. पण तिच्या डोळ्यांत एकदम काहीतरी चमकलं.

"बोलली," ती म्हणाली. "कुठे दुखतंय ते तरी सांगितलं."

ही मोटारसायकल दोन सिलिंडरची. एक डावीकडे बाहेर आलेला, एक उजवीकडे, आणि प्रत्येकाला आपला वेगळा कार्बोरेटर. म्हणजे दुखणीही दोन. झूराकान पंचवीस वर्षांची असताना टपालात लागली, तेव्हा सामूहिक शेताच्या वर्कशॉपमध्ये हाइन्रिश नावाचा एक जर्मन म्हातारा होता. युद्धात त्याच्या लोकांना इकडे आणून टाकलं, ते इथलेच होऊन गेले. त्याने तिला शिकवलं. रागीट माणूस. तिने पहिल्यांदा एकदम दोन स्क्रू फिरवले, तेव्हा त्याने तिच्या हातातला पेचकस काढून घेतला आणि आठवडाभर दिलाच नाही. "एका वेळी एकच," तो म्हणायचा. "दोन फिरवलेस आणि गाडी बरी झाली, तर कुणामुळे झाली ते तुला कसं कळणार? आणि बिघडली, तर कुणाला शिव्या देणार?"

तिने दोन्ही कार्बोरेटर उतरवून चटईवर ठेवले. आत नऊ वर्षांचं पेट्रोल सुकून जर्दाळूच्या झाडाच्या डिंकासारखं झालं होतं. सगळे भाग सुटे करून तिने ताज्या पेट्रोलमध्ये भिजत घातले. मग डाव्या कार्बोरेटरचा पितळी फ्लोट कानाशी धरून हलवला.

"ऐका," तिने तो बुरुलचांच्या कानाशी धरला.

"आत पाणी हलतंय."

"पेट्रोल. हा पोकळ असतो. पेट्रोलवर तरंगतो, आणि वर आला की येणारं पेट्रोल बंद करतो. याला कुठेतरी बारीक भोक पडलंय. आत पेट्रोल शिरलं, हा बुडाला, मग कोण बंद करणार? म्हणून गळतंय."

"भोक दिसत तर नाही."

"दिसेल."

चुलीपासून लांब, अंगणात, तिने पातेल्यात उकळतं पाणी आणलं आणि फ्लोट चिमट्याने त्यात बुडवून धरला. दोघी वाकून बघत राहिल्या. कडेच्या जोडावरून एक बुडबुडा निघाला. मग दुसरा. मग टाचणीच्या टोकाएवढ्या बुडबुड्यांची माळच लागली.

"तिथे! तिथे!" बुरुलचा ओरडल्या आणि लगेच सावरून म्हणाल्या, "म्हणजे, तुम्हाला दिसलंच असेल."

आतलं पेट्रोल उडून जाईपर्यंत तो फ्लोट दोन दिवस उन्हात ठेवला. तिसऱ्या दिवशी कथलाचा डाग मारला. पण डागाने वजन वाढतं, आणि फ्लोट जड झाला की पेट्रोलची पातळी वाढते. तिने एक काडी घेतली, तिच्या दोन टोकांना दोऱ्याने दोन्ही फ्लोट टांगले आणि काडी मधोमध धरली. डावा खाली झुकला. तिने कानशीने डाग दोनदा घासला. पुन्हा टांगला. पुन्हा घासला. काडी आडवी झाली, तेव्हा दुपार कलली होती आणि ओसमोनकुल तिसऱ्यांदा विचारून गेला होता की घरात कुणी जेवायला घालणार आहे की नाही.

"तळलेले बोरसोक आहेत डब्यात!" दोघी एकदम म्हणाल्या.

चौथ्या दिवशी इंजिन चालू झालं. सायलेन्सरमधून कोंबडीची पिसं उडाली. बुरुलचांनी टाळ्या वाजवल्या. पण झूराकान मान तिरकी करून उभी राहिली.

"लंगडतेय."

"मला तर छान वाटतंय."

"घोडा तीन पायांवर चालला तरी पुढे जातोच. तुम्ही बसाल त्याच्यावर?"

तिने मागचं चाक ओंडक्यावर उचलून मोकळं केलं, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकली आणि बुरुलचांना स्पीडोमीटरपाशी उभं केलं. चाक हवेत फिरत होतं. मग तिने उजव्या प्लगची वायर काढली.

"आता एकटी डावी बाजू ओढतेय. काटा कुठाय?"

"अडतीसवर."

उजवी जोडली, डावी काढली. "आता?"

"सेहेचाळीस! अहो, केवढा फरक!"

"म्हणजे एक बैल ओढतोय आणि दुसरा नुसता बरोबर चालतोय." झूराकानने डाव्या केबलचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला. "आता सांगा."

"चाळीस... एक्केचाळीस."

पाव फेरा. पुन्हा उजवी. पुन्हा डावी. बुरुलचा काट्यावर डोळे लावून आकडे ओरडत होत्या, घाम पुसत होत्या, मधेच ओढणी डोक्यावरून घसरली तरी त्यांना भान नव्हतं. मग आळीपाळीने हवेचा स्क्रू. आत घालत न्यायचा, इंजिन अडखळेपर्यंत. बाहेर काढत आणायचा, पुन्हा अडखळेपर्यंत. आणि दोन्हींच्या मधे जिथे सगळ्यांत मोकळा श्वास घेईल तिथे सोडून द्यायचा. एका वेळी एकच.

"डावी बेचाळीस," बुरुलचा म्हणाल्या.

"उजवी?"

"बेचा... थांबा, थांबा. हो! बेचाळीस! बेचाळीस!"

दोन्ही वायरी जोडल्या. आणि त्या जुन्या इंजिनाचा आवाज एकदम बदलला. खडखड गेली. सपाट रस्त्यावर निवांत दौडणाऱ्या घोड्याच्या टापांसारखा एकसारखा, खोल आवाज आला. झूराकान हसत होती, तिला कळतही नव्हतं की ती हसतेय. नऊ वर्षं आपण हा आवाज ऐकल्याशिवाय कसे राहिलो, असं तिला वाटलं. बुरुलचांनी तिच्या पाठीत असा दणका घातला, की ती हँडलवर आपटली.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "मेंढा आपलाच!"

शर्यतीच्या दिवशी सकाळी दहाला पुलावर अकरा गाड्या होत्या. तुर्दुबेकने आपली लाल रंगाने चकचकीत करून आणली होती. साइडकारमध्ये त्याचा मेहुणा होता. इस्मानाली आणि आणखी दोन पंच खिंडीत थांबायचे म्हणून आधीच जीपने वर निघून गेले होते.

"एजे, पेट्रोलचे जेट कोणते घातलेत?" तुर्दुबेकने विचारलं.

"होते तेच."

"मी मोठे घातले. पेट्रोल येतं ते भोक ड्रिल करून वाढवलं. पेट्रोल जास्त, ताकद जास्त." त्याने मिशीवरून बोट फिरवलं. "तुम्ही सावकाश या. आम्ही मेंढ्याचं खिमट करून ठेवतो तुमच्यासाठी, दात लागणार नाहीत."

"तू पोच तर आधी," बुरुलचा साइडकारमधून म्हणाल्या. त्यांच्या वजनाने साइडकारचा टायर चेपू नये, म्हणून ओसमोनकुलने आदल्या दिवशी त्यात दुप्पट हवा भरली होती.

बंदुकीचा बार झाला. अकरा इंजिनं एकदम भडकली, पूल हादरला, धुळीचा एक डोंगर उठून नदीवर कलला. तुर्दुबेक पहिल्या वळणालाच सगळ्यांच्या पुढे गेला. झूराकान सातवी होती. उजव्या वळणावर बुरुलचा बाहेर झुकत, डाव्या वळणावर झूराकानकडे कलत, आणि तोंडाने एकसारख्या "हाण! हाण!" म्हणत होत्या, जणू पुढे घोडाच होता. सहाव्या किलोमीटरला ती पाचवी झाली. आठव्याला चौथी. बुरुलचांचा आवाज बसला.

दहाव्या किलोमीटरला झरा लागतो. झूराकानने तिथे गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"काय झालं?"

"काही नाही. आतली सुई खाली करायचीय, पेट्रोल कमी यायला."

"आत्ता? चौथ्या आहोत आपण! ते बघा, मागचे आले!"

"इथून वर हवा पातळ होत जाते. पेट्रोल मात्र तेवढंच येत राहतं. मग तिला हवा पुरत नाही, गुदमरते." झूराकानने तंबाखूच्या डबीतून दोन छोटे जेट काढले. तिचे हात बोलण्यापेक्षा भराभर चालत होते. झाकण उघडलं, सरकती नळी बाहेर ओढली, सुईची पकड एक खाच वर सरकवली, म्हणजे सुई एक खाच खाली गेली. खालून जेट बदलला. डावा झाला. "उठा, तुमच्या बाजूचा राहिला."

एक गाडी गेली. दुसरी गेली. त्यातला एक जण ओरडला, "काय एजे, चहा टाकलात का?" बुरुलचा रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून त्याला मुठी दाखवत होत्या. शेवटची, दहावी गाडीही निघून गेली.

"विहीणबाई," बुरुलचा रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "आपण शेवटच्या आहोत हो!"

"बसा," झूराकान म्हणाली.

बाराव्या किलोमीटरला पहिली गाडी भेटली. रस्त्याच्या कडेला, काळा धूर ओकत. त्याने हवेची जाळीच काढून फेकली होती, म्हणजे जास्त हवा मिळेल; हवेबरोबर धूळही आत गेली होती. पुढे दुसरी. चालक किक मारमारून घामाघूम झाला होता. तेराव्याला एकदम दोन, एकमेकींना दोर बांधून, आणि दोन्हीही बंद. चौदाव्याला पाच गाड्या उभ्या होत्या आणि त्यांचे चालक प्लग काढून काजळी पुसत बसले होते. मघाचा तो चहावाला त्यांच्यातच होता. बुरुलचांनी वाकून त्याला विचारलं, "साखर किती घालू?"

झूराकानच्या अंगावर काटा आला होता. तीन हजार मीटर उंचीवर, या चढणीला, तिचं इंजिन खालच्या पुलावर गात होतं तसंच गात होतं. हा प्रत्येक दगड तिच्या ओळखीचा होता. इथे एकदा तिने हिमात चार तास काढले होते, तिथे एका मेंढपाळणीला मुलगा पास झाल्याची तार वाचून दाखवली होती. सगळं झरझर मागे पडत होतं.

आणि एकाएकी ओढ तुटली. गाडी उजवीकडे खेचल्यासारखी जड झाली.

"माझ्या बाजूचं बोलेनासं झालंय!" बुरुलचा ओरडल्या. आठ दिवसांत त्यांचा कानही तयार झाला होता.

झूराकान उतरली. बोटाला थुंकी लावून तिने उजव्या सिलिंडरच्या नळीला टेकवली. चुर्र झालं नाही, म्हणजे ही बाजू जळत नव्हती. तिने प्लग काढला आणि उन्हात धरला.

"कोरडा. ओला असता तर ठिणगीचा दोष. कोरडा आहे, म्हणजे पेट्रोलच पोचत नाही." खालचा बोल्ट काढून जेट काढला, डोळ्याशी धरला. भोकातून सूर्य दिसला नाही. "टाकीतला गंज. कण अडकलाय." तिने फुंकर मारली, जीव खाऊन मारली. कण ढिम्म.

"माझ्याकडे टाचणी आहे," बुरुलचा ती ओढणीतून काढू लागल्या.

"नको, नको! लोखंडाने भोक मोठं होतं. केस पाहिजे. घोड्याच्या शेपटीचा."

बुरुलचांनी इकडेतिकडे पाहिलं. रस्त्याखाली कुरणावर दोन नमद्याचे तंबू होते आणि दोरीला चार घोड्या दुधासाठी बांधल्या होत्या. त्या काही न बोलता उतारावरून धावत सुटल्या. एवढा देह एवढ्या वेगाने जाताना झूराकानने कधी पाहिला नव्हता. घोडीने कान मागे टाकले, मागचा पाय उचलला. "गप, बये," बुरुलचांचा आवाज वर आला, "एकच पाहिजे!" तंबूतून एक बाई धावत बाहेर आली. तोवर बुरुलचा धापा टाकत चढून आल्या होत्या, मुठीत पाच-सहा केस.

"एक म्हणाला होतात," त्या म्हणाल्या, "पण आता ती घोडी पुन्हा देणार नाही."

केस भोकातून आत घातला, बाहेर ओढला. भोकात टाचणीच्या टोकाएवढा सूर्य चमकला. जेट, बोल्ट, प्लग, किक. दोन्ही बाजू एकदम बोलल्या. खालून ती तंबूतली बाई हात हलवत होती, शिव्या देत होती की शाबासकी, ते आवाजात कळलं नाही.

सोळाव्या किलोमीटरला तुर्दुबेक दिसला. तो अजून चालतच होता, पण कसा! लाल गाडी माणसाच्या पायी चालीने ठसकत होती, मागे काळ्या धुराची शेपटी, आणि मेहुणा खाली उतरून ढकलत होता. झूराकान बाजूने गेली. बुरुलचांनी फक्त ओढणी नीट केली.

आता खिंडीपर्यंत तीन वळणं. पहिल्या वळणाच्या पलीकडे रस्त्याच्या कडेला पंचांची जीप उभी. बॉनेट उघडं, बाकीचे दोन पंच त्यात डोकं घालून. आणि तिच्या पुढ्यात इस्मानाली आजोबा, हातात झेंडा, पांढरी दाढी वाऱ्यावर.

"थांब! अगं थांब!"

"शर्यत चाललीय, आजोबा!"

"कसली शर्यत! आम्ही इथे अडकलोय, वर निकाल कोण लावणार? दगड?"

झूराकानने ब्रेक दाबला. मागे वळून पाहिलं. खालच्या वळणावर तुर्दुबेकने काय केलं कोण जाणे, लाल गाडी पुन्हा धडधडत वर येत होती.

"मागे बसा! लवकर!"

"मी? पंच? स्पर्धकाच्या गाडीवर?"

"आजोबा, बसताय की जाऊ?" बुरुलचा गरजल्या.

ब्याऐंशी वर्षांचे इस्मानाली घोड्यावर चढावं तसे टांग टाकून मागे बसले आणि त्यांनी झूराकानच्या कमरेचा पट्टा धरला. ऐन चढणीवर, तीन माणसं, पैकी एक बुरुलचा. झूराकानने पहिला गिअर टाकला आणि क्लच हळू, अगदी हळू सोडला. इंजिनाचा आवाज खोल गेला, इतका खोल, की तिने श्वास रोखला. आत्ता थोडं जरी पेट्रोल जास्त झालं, तर संपलं. पण गाडी गुदमरली नाही. तिने एकेक ठोका मोजून दिला, डावा, उजवा, डावा, उजवा, दोन्ही सारखे, आणि चाकं फिरली.

"हाण!" आजोबा ओरडले. मग पंच असल्याचं आठवून गप्प बसले. मग पुन्हा ओरडले, "हाण ना!"

शेवटच्या वळणावर तुर्दुबेक पन्नास हातांवर होता. खिंडीतली दगडांची रास समोर दिसली. तिथे आदल्या दिवशीच चुन्याची रेघ ओढून ठेवली होती.

"थांब, थांब," इस्मानाली म्हणाले. "आधी मला उतरू दे, मग रेघ ओलांड. नियम आहे!"

"तुम्ही उतरा," बुरुलचा म्हणाल्या, "आम्ही नाही थांबत!"

आजोबा चालत्या गाडीवरून उतरले. चार पावलं धडपडत धावले आणि त्यांनी झूराकानच्या पुढच्या चाकासमोर झेंडा खाली केला. रीतसर.

झूराकानने इंजिन बंद केलं नाही. ती तशीच बसून राहिली, दोन्ही हात हँडलवर. दोन्ही बाजूंना आकाश होतं, इकडचं खोरं आणि तिकडचं खोरं. बुरुलचा साइडकारमधून उठायला गेल्या. त्या अडकल्या होत्या. मग दोघींना असं हसू फुटलं की थांबेचना. तुर्दुबेक पोचला तेव्हाही त्या हसतच होत्या, आणि बुरुलचा अजून आतच होत्या.

तुर्दुबेकने गाडी बंद केली. गाडी स्वतःच बंद पडली, असंही म्हणता येईल. मग तो जवळ आला.

"पंच गाडीवर बसून आले," तो म्हणाला. "हे नियमात आहे का?"

"तुझ्या गाडीने मला आणलं असतं का?" इस्मानालींनी विचारलं.

तुर्दुबेकने टोपी काढून डोकं खाजवलं. "एजे, तुम्ही झऱ्यावर काय केलंत? खरं सांगा."

झूराकानने पेचकस त्याच्या पुढे धरला. "घे. तूच कर. मी सांगते."

"सगळंच बदलतो."

"नाही. एका वेळी एकच."

त्या दुपारी ती पायी उतरत खाली गेली. आधी जीप. मग काळ्या धुरात बसलेला एकेक जण. प्रत्येकाला तिने आपल्या हाताने करू दिलं, आणि घाई करणाऱ्याच्या हातावर पान्याने टिचकी मारली. संध्याकाळच्या आत अकराही गाड्या खिंडीत होत्या. जीपमधून आणलेला मेंढा तिथेच कापला. घोडीच्या केसांबद्दल भांडायला आलेली तंबूतली बाई जेवून, गाऊन, शेवटी बुरुलचांना कुरुतची, सुकवलेल्या दह्याच्या गोळ्यांची, पिशवी देऊन गेली.

खोगीर ओसमोनकुलने घेतलं. ते त्याला फार आवडलं, पण ते कसं मिळालं हे तो परगावच्या माणसांना सांगायचा नाही.

पुढच्या वर्षी शर्यतीला एकोणीस गाड्या आल्या. झऱ्यावर एकोणीसही थांबल्या, एकोणीस झाकणं उघडली गेली, आणि झऱ्याकाठी इतकी गर्दी झाली की घोड्यांना पाणी प्यायला जागा उरली नाही. तुर्दुबेक पहिला आला. झूराकान तिसरी. ती इतकी खूश होती, की तिने तुर्दुबेकला सगळ्यांसमोर मिठी मारली. बुरुलचा मात्र तिच्याशी चार दिवस बोलल्या नाहीत.